घोडेस्वाराचा झगा

हा पिवळा रेशमी झगा चीनच्या छिंग दरबारातला. त्यावरचे ड्रॅगन चिनी परंपरेतले, पण बेतणी तिथल्या राज्यकर्त्या मांचूंची. आधी बाही बघा. मनगटाशी ती घोड्याच्या खुरासारखी पसरते, म्हणजे लगाम धरलेल्या हाताची पाठ थंडीत झाकलेली राहते. पुढे-मागे मधोमध चीर आहे, ती खोगिरावर मांड टाकता यावी म्हणून.

हे मांचू लोक मूळचे चीनच्या ईशान्येकडचे जुर्चेन. त्यांचा सरदार नुरहाची याने त्यांच्या टोळ्या एकत्र आणून साधारण ३०० माणसांच्या तुकड्या बांधल्या आणि तुकड्यांचे आठ ध्वज, म्हणजे आठ मोठे लष्करी गट केले. माणसांची बायकामुलंही ध्वजातच मोजली जात. मुलगा होंग ताईजी याने १६३५ साली ‘मांचू’ हे नाव दिलं आणि १६३६ साली छिंग राजवट जाहीर केली. त्याच वर्षी त्याने सरदारांना बजावलं: हान (बहुसंख्य चिनी) लोकांसारखे ऐसपैस झगे घालू लागलात, तर शत्रू चालून आल्यावर लढणार कसे? १६४४ साली चीनच्या आधीच्या मिंग राजवटीचा सेनापती वू सानग्वेई याने चीनच्या भिंतीवरच्या शानहाय खिंडीचं दार उघडलं, मांचू फौज बीजिंगमध्ये शिरली. बेतणी मात्र बदलली नाही.

आता जवळून. सोनेरी धागा म्हणजे सोन्याचा वर्ख लावलेली कागदाची बारीक पट्टी, रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळलेली. सुईने तो कापडातून ओढला तर वर्ख खरवडतो, कागद फाटतो. म्हणून तो कापडावर नुसता ठेवतात आणि बारीक रेशमी टाक्यांनी जागोजाग धरून ठेवतात. घासून वर्ख गेला, की खालचा कागद उघडा पडतो.

काही झगे भरतकामाचे नाहीत, नक्षी मागावरच विणलेली आहे. या विणीला ‘कसू’ म्हणतात. पैठणीसारखाच प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) वेगळा, आपल्यापुरत्या जागेतच मागे-पुढे फिरणारा. पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात. कसूमध्ये बहुधा नाही. उजेडासमोर धरलं तर रंगांच्या सीमेवर बारीक फटी दिसतात.

ड्रॅगन मोजा. छातीवर एक, खांद्यांवर दोन, खाली पुढे दोन: समोरून पाच. पाठीवर एक, खाली मागे दोन. झाले आठ. नववा उजव्या कुशीला बंद होणाऱ्या पदराखाली, आतल्या पाखावर आहे. घुंड्या लावलेल्या असल्या, की तो दिसत नाही.