कर्टला सूर लागत होता

(दृश्य: शाळेतला लांब कॉरिडॉर, लॉकरची रांग, चेहऱ्यावर उडालेला लालभडक बर्फ)

हे स्लशी. बर्फाचं रंगीत सरबत. या शाळेत ते पिण्यापेक्षा फेकायलाच जास्त वापरतात. गाण्याच्या क्लबात नाव घातलं की एक ग्लास तोंडावर ठरलेला.

'ग्ली' ही टीव्ही मालिका. फॉक्स वाहिनी, मे २००९. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं लायमा गाव आणि तिथली मॅकिन्ली ही काल्पनिक शाळा.

(दृश्य: गाण्याची खोली, खुर्च्या)

या खुर्च्यांवर कोण बसलंय बघा. कृष्णवर्णीय मर्सिडीज. आशियाई वंशाची टीना. दोन बाबांनी वाढवलेली रेचल. चाकांच्या खुर्चीतला आर्टी. आणि हा कर्ट.

कर्ट मुळात संहितेत नव्हताच. क्रिस कोल्फर ऑडिशनला आला तो आर्टीच्या भूमिकेसाठी. ती मिळाली केविन मॅकहेलला. पण निर्माते रायन मर्फी यांना हा मुलगा सोडवेना. त्यांनी त्याच्यासाठी एक समलिंगी मुलगा नव्याने लिहिला. नाव घेतलं त्याने लहानपणी 'साउंड ऑफ म्युझिक'च्या नाटकात केलेल्या पात्राचं. खऱ्या शाळेत कोल्फरला 'विकेड' या संगीतिकेतलं 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' गायचं होतं. ते मुलीचं गाणं, म्हणून गाऊ दिलं नाही. हा नकार त्याने मर्फींना सांगितला आणि नोव्हेंबर २००९च्या 'व्हील्स' या भागात तोच प्रसंग पडद्यावर आला.

(दृश्य: बर्ट आणि कर्ट)

हे वडील, बर्ट. गॅरेज चालवतात. पोराला हे गाणं म्हणायची संधी मिळावी म्हणून ते शाळेत जाऊन भांडतात. मग त्यांना एक निनावी फोन येतो, पोराबद्दल घाणेरडं बोलणारा. कर्ट वडिलांचा चेहरा बघतो. आणि या गाण्यासाठी क्लबात झालेल्या स्पर्धेत वरचा सूर मुद्दाम चुकवतो.

(निवेदन थांबते. फक्त चेहरे.)

याच भागात आर्टीला सगळ्यांबरोबर बसने जाता यावं म्हणून मुलं केक विकून पैसे जमवतात, स्वतः चाकांच्या खुर्च्यांत बसून बघतात. प्रसंग सुंदर आहे. पण मॅकहेल स्वतः चालू शकतो, आणि ही भूमिका अपंग कलाकाराला का नाही, हा प्रश्न अपंग कलाकारांनी तेव्हाच विचारला. तो रास्त होता. याच भागात चिअरलीडरच्या चाचणीला आलेली ही बेकी बघा. ती साकारणारी लॉरेन पॉटर हिला खरोखरच डाउन सिंड्रोम आहे. दोरीवरच्या उड्यांत ती अडखळते, पुन्हा उडी मारते. इथे अभिनेत्री आणि पात्र यांच्यात फट उरत नाही.

पुढे कोल्फरला २०११मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला. मालिका सहा पर्वं चालली, मार्च २०१५मध्ये संपली.

(दृश्य: सभागृह, २०१५)

हे शेवटच्या पर्वातलं. मध्यभागी युनिक ही ट्रान्स मुलगी, आणि तिच्यामागे दोनशे ट्रान्स गायकांचा वृंद.

(दृश्य चालू राहते. निवेदन नाही.)