एका बिडीनं काय व्हते?

[दृश्य: डिसेंबरची रात्र. केळीच्या बागेच्या कडेला मोकळं वावर. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात काळी पडत चाललेली वांगी.]

यावल तालुक्यातलं हे वावर. दक्षिणेला तापी, उत्तरेला अंधारात न दिसणारा सातपुडा. थंडी पडली की आमच्याकडे भरीत पार्टीची आमंत्रणं फिरायला लागतात. पत्रिका नाही, फोन नाही, नुसतं ओट्यावरून ओरडून सांगायचं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. इथं जमलेल्यांना त्याचं फारसं काही नाही. त्यांना घाई आहे वांगं आतपर्यंत शिजण्याची आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी गरम असेपर्यंत बसण्याची.

आता त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे बघा. त्यानं दोन काड्यांच्या चिमट्यात एक निखारा उचलला, तोंडाजवळ नेला, मान तिरकी केली, गाल आत ओढले. बिडी पेटली.

हा निखारा लक्षात ठेवा. माझ्या काकांची अकरा महिन्यांची कमाई असल्याच एका निखाऱ्यावर गेली होती.

[दृश्य: सकाळ. काका केळीच्या बागेत, हातात कोयता.]

काका आज साठीला टेकलेत. त्यांनी आयुष्यातली पहिली बिडी स्वतःसाठी पेटवलीच नाही. आजोबा ओट्यावर बसून हाक मारायचे, "जा रे, चुलीवरून बिडी पेटवून आण." पोरगं धावत घरात जायचं. पण बिडी नुसती विस्तवाला लावून पेटत नाही, एक झुरका ओढावाच लागतो. घरातल्या मोठ्यांनी पाठवलं, आईच्या डोळ्यांदेखत ओढला, आणि कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. खान्देशातल्या एका अख्ख्या पिढीची मुंज अशी चुलीपुढे लागली आहे.

पुढे शेती अंगावर आली, आणि शेतीबरोबर रात्रीची लाईट. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतीपंपाला वीज पाळीपाळीनं येते, आणि पाळी रात्रीची असली की बारा-एक वाजता उठून मोटर चालू करायला जायचं. अंधार, थंडी, साप-विंचवाची भीती, आणि पहाटेपर्यंत जागं राहायचं. सोबतीला कोण? सदऱ्याच्या खिशातला बिड्यांचा कट्टा. दिवसाला दीड कट्टा कधी झाला ते काकांनाही आठवत नाही.

बिडीबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे. ती म्हणे पानाची, म्हणून सिगारेटपेक्षा बरी. टेंभुर्णीचं पान खरंच झाडाचं असतं, त्यात वाद नाही. पण त्या पानात हवा खेळत नाही. दोन मिनिटं गप्पांत गेली की बिडी विझते. विझू नये म्हणून ती सारखी ओढावी लागते, खोल ओढावी लागते. तंबाखू सिगारेटपेक्षा कमी आणि धूर मात्र दांडगा, असा हा व्यवहार आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात बिडी ओढणारे प्रौढ ७.७ टक्के निघाले आणि सिगारेटवाले ४ टक्के. म्हणजे देशात बिडीवाले जवळपास दुप्पट. तरी सिनेमा सुरू होण्याआधीच्या सूचनेपासून कॉलेजातल्या पोस्टरपर्यंत चित्र बहुतेक वेळा सिगारेटचंच. काका म्हणायचे, "ते आपल्यासाठी नाही रे, ते शहरातल्यांसाठी."

[दृश्य: देवळातलं भजन. टाळ, पखवाज.]

सोडायचं ठरलं ते कुठल्या रोगाच्या भीतीनं नाही. काका भजनी मंडळात. अभंगाची लांब ओळ असते ना, जिथं सगळे आवाज एकत्र वर चढतात, तिथं काकांचा श्वास मधेच तुटायला लागला. एकदा तुटला, कोणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्यांदा तुटला तेव्हा शेजारच्या टाळकऱ्यानं नुसतं वळून बघितलं. त्या बघण्याचं काकांना फार लागलं.

जळगावला एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी भाषण दिलं नाही, हिशेब दिला. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद १९५१ पासून पन्नास वर्षं ठेवली. त्यातून निघालं ते असं: सिगारेट ओढत राहणाऱ्याची सरासरी दहा वर्षं जातात. तिसाव्या वर्षी सोडली तर ती जवळपास दहाच्या दहा वाचतात, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी तीन. काकांचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास. त्यांनी निदान तीन धरली आणि लगेच आपल्या मापात मोजून घेतली: "तीन वर्षं म्हणजे केळीची एक लागण आणि वर तिच्याच पिलांवर घेतलेल्या दोन पिलबागा. कमी नाही."

संक्रांतीनंतरचा एक दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी काकू घरभर फिरली. पंपाच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीमागे एक कट्टा निघाला, देव्हाऱ्याखालच्या फळीवर दुसरा, मोटारसायकलच्या डिकीत अर्धा. तिन्ही चुलीत गेले. काका म्हणतात, तो धूरही त्यांनी दारात उभं राहून ओढून घेतला.

पहिले तीन दिवस कसे गेले ते ते सांगत नाहीत, काकू सांगते. "बैल परवडला." निकोटिन शरीरातून भराभर उतरतं, दर दोनेक तासांनी अर्धं होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रासाचा कळस असतो. चिडचिड, झोप नाही, हात सारखा खिशाकडे. प्रत्येक तलफ मात्र काही मिनिटांचीच. काकांनी ती मोजायचं काम धरलं. तलफ आली की केळीची एक ओळ चालून जायची. ओळ संपेपर्यंत बहुतेकदा ती ओसरलेली असायची. कधीकधी दोन ओळी लागायच्या.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो. सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही, असं सांगणारे गावात डझनभर भेटतील. ते खोटं बोलत नाहीत. निकोटिन आतड्यांना चाळवतं, आणि ते बंद झालं की आतडी काही दिवस रुसून बसतात. काकांचे पहिले दोन आठवडे त्यातच गेले. सकाळी तांब्याभर कोमट पाणी, दुपारी पपई, आणि डबा घेऊन गेलेला माणूस अर्धा तास परत येईना. याच एका कारणासाठी परत बिडी धरलेले लोक मला ठाऊक आहेत. कोणी आधी सांगितलं असतं की हे काही आठवड्यांत ठीक होतं, तर कदाचित धरली नसती. तोंडात फोड आले, खोकला उलट वाढला. फुफ्फुसं स्वतःला झाडायला लागली की असं होतं. शेजारी म्हणाले, "बघा, सोडली आणि आजारी पडले."

डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगम दिला होता. काकांनी तो पेरू चावावा तसा चावला आणि उचक्या लागल्या. तो तसा चावायचा नसतो. दोन-चारदा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, चव उतरली की पुन्हा दोन-चारदा. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा नको, चहाच्या आंबटपणानं निकोटिन नीट शोषलं जात नाही. खान्देशात चहाशिवायची पंधरा मिनिटं शोधणं हेच खरं औषध म्हणायचं. त्यात आणखी एक गंमत. धुरामुळे शरीर चहा-कॉफीतलं कॅफीन लवकर संपवतं. बिडी थांबली की तेवढाच चहा जास्त चढतो. रात्री झोप न लागण्यात तलफेइतकाच हात सातव्या-आठव्या कपाचा होता, हे कळायला महिना गेला. कप चारवर आले.

फाल्गुन संपता संपता अभंगाची ओळ पुरी व्हायला लागली.

[दृश्य: पुन्हा रात्रीचा जाळ.]

आणि मग आला डिसेंबर. अकरा महिने झाले होते. वांगी भाजत होती, हिरव्या मिरच्यांचा खकाणा नाकात जात होता, जुने दोस्त जमले होते. कोणीतरी कट्टा पुढे केला. काका म्हणाले, "सोडलीय मी."

"माहितीय ना भाऊ, सोडलीय. मग एका बिडीनं काय व्हते?"

त्या एका बिडीनं काहीच झालं नाही. काका हे प्रामाणिकपणे सांगतात, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. चक्कर आली नाही, खोकला आला नाही, दुसऱ्या दिवशी तलफही आली नाही. वाटलं, बघा, आता आपल्या हातात आहे. पाच दिवसांनी रात्रीची लाईट होती, एक मागून घेतली. मग दोन दिवसांनी. मग विकत घेतला तो कट्टा "पाहुण्यांसाठी" होता. पौष संपला तेव्हा दिवसाला एक कट्टा, तोही काकूपासून चोरून. या वयाचा माणूस गोठ्यामागे उभा राहून धूर हातानं पांगवत होता.

मी हसू शकत नाही. मी पुण्यात चार वेळा सिगारेट सोडलेला माणूस आहे. माझा अमळनेरचा रूम पार्टनर अहिराणीत म्हणायचा, "एक झुरका मारीसन काय व्हस?" बोली बदलते, बिडीची सिगारेट होते, वाक्य तेच असतं.

असं का होतं? निकोटिन सवयीचं झालं की मेंदूत त्याला पकडणारी ठिकाणं वाढतात. सोडल्यावर साधारण सहा ते बारा आठवड्यांत ती बिडी न ओढणाऱ्या माणसाइतकी खाली येतात, असं मेंदूच्या तपासण्यांतून दिसलं आहे. म्हणजे शरीर तीनेक महिन्यांत मोकळं होतं. पण जाळ, थंडी, दोस्त, मिरचीचा वास, यांच्याशी बांधलेली आठवण मोकळी होत नाही. ती निवांत पडून राहते.

काकांनी हे मला त्यांच्या पद्धतीनं दाखवलं.

[दृश्य: काका केळीच्या खांबाच्या बुडाशी वाकतात. कोयत्याचा घाव. पील बाजूला पडते.]

"हे बघ. ही पिलं मी पंधरा-वीस दिवसांपूर्वीच कापली होती." बुडाशी वीतभर उंचीची, गुंडाळलेल्या पानांची, कोवळी पोपटी पील उभी होती. दिसायला गोड. कंद जमिनीत जिवंत आहे तोवर ती फुटत राहणार, आणि ठेवली तर घडाचं अन्न खाणार. "वीतभर असताना कापली तर एक घाव. कमरेएवढी झाली की घाम काढते."

दुसऱ्या वेळी सोडताना काका कंद जिवंत आहे हे धरूनच चालले. च्युइंगम पुन्हा आणला, या वेळी नीट चावला. बिडीच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर त्यांनी इतकी वर्षं पाहिला होता आणि वाचला नव्हता. तंबाखू सोडायला मदत करणारी ती सरकारी फोनसेवा, पैसे लागत नाहीत. एका दुपारी लावला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या वेळी कुठं, कोणासोबत, किती वाजता पेटवली?" काका म्हणतात, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, का पेटवली.

मग त्या जागांची एकेक करून सोय लावली. रात्रीच्या लाईटीला खिशात भाजलेले शेंगदाणे आणि कानाशी भजनं लावलेला मोबाईल. टपरीवरचा चहा बंद, घरचा चालू. पुडी मात्र हातात घेतली नाही. आमच्याकडे बिडी सोडून तंबाखू-चुना मळायला बसलेले आणि वर "सोडली" म्हणून मिरवणारे बरेच आहेत. निकोटिन तेच, फक्त दार बदललं, आणि तोंडाच्या कॅन्सरची टांगती तलवार वेगळीच.

आणखी एक बदल मला फार उशिरा लक्षात आला. काका "सोडलीय" म्हणायचे थांबले. "सोडलीय" म्हटलं की समोरचा समजूत घालायला बसतो, कधी सोडली, का सोडली, एकानं काय होतं. आता ते म्हणतात, "मी पेत नाही." मटण न खाणाऱ्याला कोणी विचारत नाही, किती दिवस झाले. वाद तिथंच मिटतो.

भरीत पार्टी मात्र त्यांनी सोडली नाही. मी सुचवलं होतं, एखादा हिवाळा नका जाऊ. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू गाव सोडायला सांगितलं.

[दृश्य: जाळाच्या वाऱ्याकडच्या बाजूला काका. पुढ्यात लाकडी बडगी. दोन्ही हातांत मुसळी.]

या वर्षीची पार्टी. काका धूर मागे जाईल अशा बाजूला बसलेत आणि मिरच्या, लसूण, शेंगदाणे कुटायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. दोन्ही हात गुंतलेले, बोटांना मिरची. कोपऱ्यातून कट्टा फिरत फिरत येतो, त्यांच्यापाशी पोचतो, आणि शेजारचा माणूस तो त्यांना ओलांडून पुढे देतो. न विचारता. चार हिवाळे झाले.

पानं वाढली जातात. पावणेबाराला कोणाचा तरी फोन वाजतो, "लाईट आली रे." काका हात धुतात, बॅटरी घेतात, मी कॅमेरा घेऊन मागं. पंपाच्या खोलीत स्टार्टरचं बटण दाबतात, मोटर धरते, पाइपात पाणी धावल्याचा आवाज येतो. ऑईलनं बरबटलेला हात पुसायला ते खिळ्यावरचं फडकं ओढतात. जुना सदरा आहे तो. छातीवर, बाहीवर, खिशाच्या कडेला ठिणग्यांची बारीक भोकं, मोजायला गेलो तर वीसच्या वर भरतील.

"काकू म्हणते, आता सदरे टिकतात," काका म्हणतात, आणि फडकं खिळ्याला परत लावतात.