बासार: देह म्हणजे पाप, हे कुठून आलं?

जय ख्रिस्त मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न कितीजणांनी विचारलाय: "ताई, देह म्हणजेच पाप ना? मग देवाने तो दिलाच कशाला?" आज फक्त यावरच बोलायचंय.

सोपं आधी उरकते. बायबलच्या जुन्या करारात देहासाठी हिब्रू शब्द आहे बासार. खायचं मांस म्हणजे बासार. रानात इस्राएल लोक ज्यासाठी रडले (गणना या पुस्तकाचा 11 वा अध्याय), ते हेच. अंगावरचं मांसही बासार आणि अख्खं शरीरही बासार. नातंसुद्धा! आपण म्हणतो रक्ताचं नातं. योसेफाचा जीव घेऊ नका म्हणताना यहूदा भावांना सांगतो, तो आपला भाऊ आहे, आपलं बासार आहे. झालं, पुढे जाऊ.

आता यात पाप कुठे आहे, दाखवा मला. यशया 31:3 उघडा. अश्शूर साम्राज्याच्या भीतीने यहूदा राज्यातले लोक मिसरकडे (इजिप्तकडे) मदत मागायला निघालेत, तिथल्या घोड्यांच्या आणि रथांच्या भरवशावर. संदेष्टा म्हणतो, मिसरी लोक माणसं आहेत, देव नव्हेत. त्यांचे घोडे बासार आहेत, आत्मा नव्हेत. घोडे, मंडळी! घोडा कसलं पाप करणार? घोडा दमतो, अडखळतो, मरतो. बासार म्हणजे दुबळं, नाशवंत. यशया 40 मध्ये 'सर्व बासार गवत आहे' म्हटलंय. गवत सुकतं. सुकणं हा काही गवताचा गुन्हा नाही.

लगेच कोणीतरी लिहील, "उत्पत्ती 6:12 वाचा, सर्व देहधाऱ्यांनी आपला मार्ग भ्रष्ट केला." वाचलंय. तिथे 'कोल बासार' आहे, म्हणजे सगळे जीव. भ्रष्ट झाली ती त्यांची चाल. आता पान उलटा, 7:15. नोहाच्या तारवात जोडीजोडीने कोण चढतंय? तेच कोल बासार. आणि 9 व्या अध्यायात देव मेघधनुष्य दाखवून करार करतो, तोही कोल बासारशीच. जे मुळातच पाप आहे, त्याच्याशी देव करार करेल का?

तरी पटत नसेल तर यहेज्केल 36:26. "तुमच्यातलं पाषाणाचं हृदय काढून टाकीन आणि मांसमय हृदय देईन." आपण हे वचन पाठ म्हणतो. हिब्रूत या एका ओळीत बासार दोनदा येतो: तुमच्या बासारातून दगड काढीन आणि बासाराचं हृदय देईन. देव जे द्यायचं म्हणतो, तेच बासार आहे! वाईट आहे तो दगड.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतेय त्याला कारण आहे. माझी आत्या संधिवाताने जायबंदी आहे. गुडघे टेकता येत नाहीत, तर कोणीतरी तिला सांगून गेलं, "देह आड येतोय तुमच्या प्रार्थनेला." बिचारी कितीतरी दिवस त्याच विचारात. मी तिला स्तोत्र 63 वाचून दाखवलं. दावीद पाण्यावाचून रुक्ष झालेल्या भूमीत आहे आणि म्हणतो, माझा जीव तुझ्यासाठी तान्हेला आहे, माझा बासार तुझ्यासाठी झुरतो. देह इथे स्वतःच प्रार्थना करतोय. दुखऱ्या माणसाला असली वाक्यं ऐकवू नका, कळकळीने सांगते.

मग नव्या करारातल्या प्रेषित पौलाचं काय? हो, रोमकरांस 8 आणि गलतीकरांस 5 या त्याच्या पत्रांत तो देहाबद्दल कडक बोलतो. तो ग्रीकमध्ये लिहितोय, शब्द 'सार्क्स', आणि तिथे तो देवाला सोडून स्वतःच्या बळावर चालणाऱ्या स्वभावाविषयी बोलतोय. म्हणून आपल्या मराठी बायबलात 'देहस्वभाव' आलंय. पण हाच पौल रोमकरांस 1:3 मध्ये येशू सार्क्सच्या दृष्टीने दावीदाच्या वंशातला, असं लिहितो. तिथे पाप घालून वाचून बघा, वाचता येतं का. आणि योहान 1:14, "शब्द देही झाला", तिथेही सार्क्सच.

तेव्हा कृपा करून पौलाचा गलतीकरांस 5 उचलून उत्पत्तीत नेऊन ठेवू नका. आधी बासार वाचा, मग सार्क्स.

"मग आत्मा आणि जीव यांत फरक काय?" हाही प्रश्न आलाय. त्यासाठी 'रुआख' आणि 'नेफेश' हे दोन शब्द घ्यावे लागतील. पुढच्या व्हिडिओत तेच घेऊ. तोवर स्तोत्र 84:2 वाचून ठेवा आणि तिथे बासार काय करतोय ते खाली लिहा.