सायकलसोबत 20 किलोमीटर

सायकलचा वेग बघा, ताशी 12 ते 15 किलोमीटर. शेजारी दुडक्या चालीनं पळतोय तो जर्मन शेफर्ड. आपल्याकडचे जुने लोक ज्याला अल्सेशियन म्हणतात, तोच. पळायचंय 20 किलोमीटर. आठ किलोमीटरवर पहिली विश्रांती. परीक्षक एकेक पंजा उचलून पाहतात; गादी सोलली असेल तर कुत्रा तिथंच बाद.

ही परीक्षा घेतो जर्मनीतला या एकाच जातीचा राष्ट्रीय क्लब, 'एस-फाऊ' (जर्मन आद्याक्षरं एस.व्ही.).

हे त्या क्लबचे संस्थापक माक्स फॉन श्टेफानिट्झ, घोडदळातून निवृत्त झालेले कॅप्टन. 1899च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात त्यांना मेंढ्या राखणारा एक कुत्रा दिसला. त्यांनी तो तिथंच विकत घेतला, त्याचं नाव बदलून 'होरांड फॉन ग्राफराथ' ठेवलं आणि त्याच महिन्यात, 22 तारखेला, क्लब काढला. वंशनोंदवहीत पहिला क्रमांक होरांडचा. तोवर मेंढपाळांकडचे कुत्रे प्रांतागणिक वेगळे दिसत. कुणाचे कान ताठ, कुणाचे पडलेले. श्टेफानिट्झ यांचा हट्ट एकच होता: आधी काम, मग रूप. कळप कमी होऊ लागले, तेव्हा त्यांनी हे कुत्रे पोलिसांकडे नेले. पुढं उंच, लांब पायांचे कुत्रे मिरवायला लागले. 1925 साली क्लबच्या प्रदर्शनात त्यांनी विजेता निवडला तो त्यामानानं बुटका क्लोडो. तिथून जातीची ठेवणच बदलली.

आता ही एक्स-रेची काच. खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसलाय का, हे क्लब 1960च्या दशकापासून तपासतो. पैदाशीसाठी क्लबची पक्की शिफारस हवी तर कोपरं, डीएनए, आज्ञापालन, चावा घेऊन हुकमासरशी सोडणं, आणि ते 20 किलोमीटर, सगळं पार करावं लागतं. आईबाप दोघंही पास झालेले असतील तर पिल्लांना वंशावळीचे गुलाबी कागद मिळतात, नाहीतर पांढरे.

आणि हा क्लबच्या प्रदर्शनाचा वार्षिक मेळा. दोरीबाहेरून शिट्ट्या मारत, नावानं हाका घालत धावणारी ही मंडळी मालकाकडचीच, कुत्र्यानं मान ताठ ठेवावी म्हणून. रिंगणातल्या या उताराच्या पाठीवर टीका होते, आणि ती उगाच नाही.

इथं पहिला आला की त्या नराकडे माद्या घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. म्हणून वर्षात एका नराला किती माद्या दाखवायच्या, तेही क्लबच ठरवतो.