'बॉम्बे डक': डाकगाडीच्या आधीचं नाव

[दृश्य: कोळीवाड्याचा किनारा, सकाळचं ऊन, सुकत टाकलेल्या बोंबलांच्या रांगा]

बांबूंचे खांब, त्यांवर ताणलेल्या दोऱ्या आणि दोन्ही अंगांनी लोंबणारे बोंबील. ही वलांडी.

[दृश्य: हातांचा क्लोज-अप]

हे हात बघा. एका बोंबलाचा जबडा उघडला, त्यात दुसऱ्याचा अडकवला. दात आत वळलेले, म्हणून जोडी सुटत नाही. सुतळीची गरजच नाही. जोडी दोरीवर टाकली की एक अलीकडे, एक पलीकडे. ताज्या बोंबलात दहातले जवळपास नऊ भाग पाणीच असतं. अंगाला अंग चिकटलं तर मधे वारा शिरत नाही आणि तेवढाच भाग नासतो. ऊन-वारा चांगला असेल तर दोन-तीन दिवसांत बोंबील काडीसारखा होतो. आभाळ भरून आलं की बुरशी आणि माशा. वाळूवर पसरलेल्या मालात रेती बसते, ती कितीही धुतली तरी दाताखाली येते.

[दृश्य: कडकडीत सुके बोंबील, जुड्या बांधताना]

यालाच इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की डाकगाडीत सुक्या बोंबलाचा वास भरायचा, साहेब त्याला 'बॉम्बे डाक' म्हणायचे आणि डाकचं डक झालं. कोणी ती रॉबर्ट क्लाइव्हच्या तोंडी घालतात. क्लाइव्ह 1774 मध्ये वारला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली 16 एप्रिल 1853 रोजी.

त्याआधी पन्नास वर्षं, 1803 मध्ये, ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईकडच्या फौजेला 'डक्स' म्हणतो. हे टोपणनाव माशावरूनच आलेलं दिसतं, असं 1886 च्या हॉबसन-जॉबसन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात म्हटलंय. मासा 'डक' का झाला, याबद्दल मात्र उगम अस्पष्ट अशी नोंद तिथे आहे.

[दृश्य: मुंबई बेटांचा जुना नकाशा, माझगाववर थांबतो]

आणि डकच्याही आधी इंग्रजांच्या कागदावर आला तो आपलाच शब्द. 1673 मध्ये मुंबईत आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर लिहितो की माझगाव हे कोळ्यांचं मोठं गाव, तिथला 'बंबेलो' प्रसिद्ध, गरिबांचं पोट त्यावर चालतं. पोर्तुगीज कोशाच्या 1727 च्या पुरवणीत 'बांबुलिम' सापडतो. प्रवासवर्णनकार मारिया ग्रॅहम लिहिते की बंबेलो उन्हात वाळवतात, न्याहारीला खिचडीबरोबर खातात. बोंबील, बंबेलो, बांबुलिम: मोठ्याने म्हणून बघा. शास्त्रीय नावातलं 'नेहेरियस' बंगालीतून घेतलेलं आहे. इंग्रजी नावाआधीचा हा शब्द मात्र कोळीवाड्यातला.

[दृश्य: संध्याकाळ, वलांडी उतरवणाऱ्या बाया]

1997 मध्ये युरोपीय संघाने सुक्या बोंबलाची आयात थांबवली. पुढे ती सुरू झाली: वाळवा उघड्यावर, पण पॅकिंग मान्यताप्राप्त केंद्रातच.

[दृश्य: रिकाम्या दोऱ्या, मागे भरतीचं पाणी]