रजिस्टरातलं १२०/८०

तालुका आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालो त्या आठवड्यात एका उपकेंद्रावर गेलो आणि सिस्टरचं गरोदर मातांचं रजिस्टर चाळलं. बावीस बायका, आणि बावीसही जणींचा रक्तदाब १२०/८०. बीपीचं यंत्र मागितलं तर ते कपाटाच्या तळातून निघालं, नळी चिरलेली. ही बाई कामचुकार नव्हती हो. पावसाळ्यात ओढा ओलांडून लसीची पेटी वाडीवर नेणारी होती. पण दर महिन्याला आम्ही तिला एकच विचारत होतो, ‘किती मातांची तपासणी झाली?’ त्याचं उत्तर ती देत होती.

आपल्या खात्यातल्या जुन्या माणसांना उद्दिष्ट म्हटलं की नसबंदीच्या ‘केसेस’ आठवतात. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळाने संमतही केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी आली नाही म्हणून वाचलो. आणीबाणी गेली, आकडा राहिला. मार्च जवळ आला की शिक्षकापासून तलाठ्यापर्यंत सगळे केस शोधत फिरायचे. एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने ही उद्दिष्टं काढून टाकली. पुढे आम्ही त्यालाच ‘अपेक्षित पातळी’ म्हणू लागलो, ते सोडा.

मग उद्दिष्टच नको का? मला तसं वाटत नाही. क्षयरोगात थुंकीदूषित, म्हणजे थुंकीत जंतू सापडलेल्या, नव्या रुग्णांपैकी ८५ टक्के बरे करायचे, असं ठरलेलं होतं. त्यात एक शहाणपण होतं: आमच्या तंत्रज्ञाने पाहिलेल्या थुंकीच्या काही स्लाइड दुसरा माणूस, पहिला निकाल न बघता, पुन्हा तपासायचा. लिहिणारा हात एक, पडताळणारा दुसरा. तरीही पळवाट निघतेच. ऊसतोडीला आलेला एक रुग्ण समोर बसला होता. हा सहा महिने टिकणार नाही, आपले ८५ खाली येणार, हे मनात आलं आणि मी त्याला म्हणालो, ‘औषध गावी गेल्यावर सुरू कर.’ कुणी दटावलं नव्हतं मला. आढावा बैठक डोक्यात बसली होती, एवढंच.

त्यानंतर मी बैठकीचा क्रम बदलला. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला पाचशेच्या आसपास जन्म होतात. राज्याचा अर्भकमृत्यू दर तेव्हा हजारी पंचवीसच्या घरात होता. म्हणजे बाराएक मृत्यू दिसायला हवेत. ज्याने शून्य लिहिलं, त्याला आधी उभं करायचो. रागावायला नाही, आशाताईची वही घेऊन घरोघर जाऊ या, म्हणायला. घरी झालेली बाळंतपणं, माहेरी गेलेल्या लेकी, पहिल्याच दिवशी गेलेली आणि ‘मृत जन्म’ म्हणून लिहिलेली बाळं, सगळं त्या वहीत सापडायचं.

वर्षभर शून्य असलेल्या एका केंद्राने मग तिमाहीत तीन मृत्यू लिहिले. पंधरा दिवसांत वरून पत्र आलं: मृत्यू का वाढले, खुलासा सादर करावा. सिस्टर नवी होती, रडवेली झाली. तिच्या शेजारी बसून मी तो खुलासा लिहवून घेतला. पुढच्या महिन्यात तिने आणखी एक मृत्यू लिहिला.