भंडाऱ्याचे ठोकळे: डीव्हीडीवरून व्हीसीडी करताना
(बेळगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

लक्ष्मी यात्रा म्हणजे काय हे या सभागृहात कुणाला सांगायची गरज नाही. काही गावांत ती पाच वर्षांनी भरते, काही गावांत बारा, कुठं कुठं तर पंचवीस वर्षं वाट बघावी लागते. त्यामुळं यात्रेचं शूटिंग हुकलं की हुकलंच. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची यात्रा झाली तेव्हा व्हिडिओवाल्यानं मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर सगळे दिवस टिपले आणि दोन डीव्हीडी करून पंचमंडळींच्या हातात दिल्या. चित्र इतकं स्वच्छ की देवीच्या गळ्यातला एकेक मणी मोजावा.

अडचण अशी की गावात डीव्हीडी प्लेअर तीन-चार घरांत. बाकी सगळीकडं व्हीसीडीचे, म्हणजे साध्या सीडीवर भरलेला व्हिडिओ दाखवणारे. गल्लीतली एक मावशी डबी घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "आमच्यात ही लागंना रे बाबा. सिनेमाच्या सीड्या लागत्यात, आणि ही देवीचीच तेवढी लागंना. आमच्यात लागंल अशी करून दे की." माझ्याकडं तेव्हा घरी पेंटियम फोर होता, २५६ एमबी रॅमचा, आणि एक सीडी रायटर. मावशीच्या त्या एका वाक्यानं मी या कामात पडलो. मग गोव्याला कामाला गेलेल्यांसाठी, मुंबईच्या मिलमधून परतलेल्यांसाठी, माहेरच्या यात्रेला येता न आलेल्या लेकींसाठी किती प्रती काढल्या त्याची गणती नाही.

आधी मावशीचा प्रश्न घेऊ, कारण तो अगदी बरोबर होता. दोन्ही तबकड्या बारा सेंटिमीटरच्या, दोन्ही चकचकीत. मग एक लागते आणि दुसरी का लागत नाही? व्हीसीडी प्लेअरमधला लेसर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा. डीव्हीडीवरच्या खुणा त्याहून बारीक आणि दाट असतात, त्या वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो. म्हणजे जाड दाभणानं मोती ओवायला बसल्यासारखं. प्लेअर बिघडलेला नसतो, त्याला त्या खुणा दिसतच नाहीत.

आता मापं बघा. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात. आपल्याकडच्या पाल नावाच्या टीव्ही पद्धतीत तिचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. व्हीसीडीचं माप १९९३ साली सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी ठरवलं, ते ३५२ गुणिले २८८. गुणाकार करून बघा, ठिपके जेमतेम चौथाई उरतात. चित्रासाठी सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजासाठी २२४. हा आकडा हलत नाही. बाई शांत बसलेली असो की शंभर ढोल वाजत असोत, दर सेकंदाला तेवढंच रेशन.

आणि यात्रेत नेमकं काय असतं? भंडारा, देवीवर उधळायची हळद!

यावर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या कित्येक रात्री यात गेल्या. व्हिडिओ दाबून लहान करायची एमपेग ही पद्धत प्रत्येक चित्र नव्यानं काढत नाही. एक चित्र पूर्ण ठेवते आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त सांगते की हा तुकडा इकडून तिकडं सरकला. चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडलेले असतात. व्हीसीडीच्या एका चित्रात आडवे २२ आणि उभे १८, एकूण ३९६. पालखी डावीकडून उजवीकडं गेली तर हे छान चालतं, कारण पालखीचा चौकोन नुसता सरकवायचा असतो. पण हजार हातांनी एकदम उधळलेला भंडारा कुठून कुठं सरकला हे कसं सांगणार? प्रत्येक कण वेगळा, मागच्या चित्रात तो नव्हताच. सरकवायला काही सापडत नाही, म्हणून सगळं नव्यानं लिहावं लागतं, आणि रेशन तर तेवढंच. मग बारकावा सोडला जातो आणि पडद्यावर पिवळे ठोकळे उरतात. साऱ्या यात्रेत ज्या क्षणासाठी माणसं पंचवीस वर्षं थांबतात, देवी रथावर चढते तो क्षण, तोच सगळ्यात जास्त फुटायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

उपाय होते, पण अर्धेमुर्धे. व्हिडिओ एमपेगमध्ये बदलायला मी टीएमपीजीएन्क नावाचं सॉफ्टवेअर वापरत होतो. त्यात हालचाल शोधायची अचूकता सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवायची, वेळ दुप्पट गेला तरी चालेल. रात्रीच्या शूटिंगमध्ये कॅमेऱ्याची खरखर असते, काळ्या आभाळात मुंग्या फिरल्यासारखी. ती आधी गाळणीतून काढायची, म्हणजे रेशन त्या मुंग्यांवर जात नाही. कुणी म्हणायचे, बिटरेट, म्हणजे सेकंदाचं रेशन, वाढव की, दोन हजार कर. करता येतं, पण ती मग मापाबाहेरची व्हीसीडी होते. माझ्या प्लेअरवर लागायची, मावशीच्या प्लेअरवर अडकायची. मी मावशीच्या बाजूनं राहिलो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. डीव्हीडीतलं कॅमेऱ्याचं चित्र दोन अर्ध्यांत येतं, एकात विषम रेघा, दुसऱ्यात सम रेघा, सेकंदाला पन्नास अर्धी. दोन्ही अर्धी एकत्र करून लहान केलं की लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या हातांना कंगव्याचे दात फुटतात. म्हणून एक अर्धं सरळ सोडून द्यायचं. ५७६ चं अर्धं २८८, व्हीसीडीला पाहिजे तेवढंच! लेझीम लगेच स्वच्छ दिसायला लागली.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. डीव्हीडीचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा, व्हीसीडीचा ४४,१०० चा. तो रीतसर बदलून घ्यावा लागतो. नुसतं लेबल बदललं तर साठ मिनिटांचा आवाज पासष्ट मिनिटं चालतो आणि बायकांच्या ओव्या जाड आवाजात ऐकू येतात. डीव्हीडी टू एव्हीआय नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. ते डीव्हीडीवरच्या व्हीओबी फाइली, म्हणजे चित्र आणि आवाज असलेल्या फाइली, वाचून चित्राची फक्त यादी बनवायचं, त्यामुळं चाळीस जीबीच्या हार्ड डिस्कवर जागा वाचायची. आवाज ते वेगळा काढून द्यायचं, आणि किती मिलिसेकंदांचा फरक आहे ते फाइलच्या नावातच लिहायचं. ते नाव न वाचता पुढं गेलं की ओठ एकीकडं, शब्द दुसरीकडं.

बाजारातल्या सिनेमांच्या डीव्हीडीचं काय, असं मला तेव्हाही विचारायचे. त्या बहुतेक तबकड्यांना सीएसएस नावाचं कुलूप असतं. ते १९९९ साली फुटलं हे खरं, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क मोडण्यासाठी असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. मी सिनेमे कधी केले नाहीत. यात्रा, लग्नं, गावची नाटकं यांच्या तबकड्यांना कुलूप नसतं आणि त्या आपल्याच असतात. एवढं काम आयुष्याला पुरलं.

नाटकांत एक वेगळाच पेच असायचा, कापायचं कुठं. ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटं मावतात. आमच्याकडचं यात्रेतलं नाटक साडेतीन-चार तास सहज चालतं. संगणकावर सोडलं तर तो बरोब्बर ऐंशीव्या मिनिटाला, नायक बापाच्या पायाशी वाकलेला असताना कापणार. मी अंक बघून कापायचो, पडदा पडला की तबकडी संपली. एक सीडी जास्त लागायची. लागू दे.

पाट्यांची आठवण सांगतो. कलाकारांच्या नावांच्या पाट्या व्हिडिओवाल्यानं बारीक नाजूक अक्षरात केलेल्या. २८८ रेघांत आल्यावर अनुस्वार गेले, रफार गेले, वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटल्या. आपल्या लिपीत डोक्यावर आणि पायाखाली इतकं काही असतं की इंग्रजीपेक्षा आपल्या पाट्या आधी मरतात. आमच्याकडं तर पाट्या मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत, आणि कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे अक्षराच्या पायाशी लागणारी जोडाक्षरं, तर पहिल्या फटक्यात जायचे. मी सगळ्या पाट्या पुन्हा केल्या, ठळक आणि मोठ्या, आणि चारी बाजूंनी दहावा हिस्सा मोकळा ठेवून, कारण जुने टीव्ही कडा खातात. ज्यानं रात्रभर तलवार घेऊन काम केलं त्याचं नाव नीट दिसायला नको का?

लाईटचं दुखणं तर तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. माझ्या मशीनवर एका तासाच्या चित्राला पाच-सहा तास लागायचे आणि मध्ये लाईट जायची. पाच तासांचं काम एका क्षणात पाण्यात. यूपीएस दहा मिनिटं तग धरायचा. शेवटी मी वीस-वीस मिनिटांचे तुकडे करायला शिकलो. गेला तर एक तुकडा जाईल. नंतर ते जोडायचे आणि नीरो नावाच्या सॉफ्टवेअरमधून आठपट वेगानं सावकाश जाळायचे, म्हणजे सीडीवर लिहायचे. बावन्नपट वेगानं जाळलेली सीडी जुन्या प्लेअरला पचत नसे.

आता आजचं बोलतो, मी आलोय ते खरं तर यासाठी.

साध्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे तबकडीवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माहिती असते आणि चुका दुरुस्त करायला बरीच जागा राखलेली असते. व्हीसीडीत ती दुरुस्तीची जागाही चित्राला दिलेली आहे, म्हणून सेक्टरमागं २३२४ बाइट मिळतात. ७०० एमबीच्या सीडीवर जवळजवळ ८०० एमबी चित्र बसतं ते यामुळं. १९९३ मध्ये तो शहाणपणा होता. आज वीस वर्षांपूर्वीच्या तबकडीवर ओरखडे पडलेत, वरचा थर सुटायला लागलाय, आणि दुरुस्तीचा तो जादा आधार हाताशी नाही.

म्हणून घरी जाऊन पहिल्यांदा ट्रंक उघडा. डीव्हीडी असेल तर तिचं व्हिडिओ टीएस हे फोल्डर जसंच्या तसं उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. पुन्हा कन्व्हर्ट करू नका, प्रत्येक वेळी काहीतरी गळतं. फक्त व्हीसीडी उरली असेल तर विंडोजमध्ये तिच्यावरची डॅट नावाची व्हिडिओ फाइल नुसती ओढून कॉपी करायला गेलात तर एका ओरखड्यावर काम थांबेल. व्हीसीडी गिअर किंवा आयसोबस्टरसारखं साधन वापरा, ते तेवढा तुकडा सोडून पुढं जातं आणि खराब सेक्टर कुठले तेही कळतं. तबकडीवर चिकटवलेला कागद ओढून काढू नका, त्याबरोबर चित्राचा थर निघून येतो.

आमच्या यात्रेच्या मूळ डीव्हीडी पुरात भिजून गेल्या. कॅमेऱ्याच्या टेपवर व्हिडिओवाल्यानं नंतर कुणाचं तरी लग्न काढलं. उरल्यात त्या मी काढलेल्या व्हीसीडी. मावशीच्या घरची प्रत मागच्या महिन्यात मिळाली. तिसऱ्या सीडीत देवी रथावर चढते तिथंच चाळीस सेकंद वाचत नाहीत. पण या सगळ्या प्रती मी एकाच फाइलवरून जाळलेल्या आहेत. म्हणजे दुसऱ्या कुठल्याही प्रतीत तेच बाइट त्याच जागी असणार, आणि तिचा ओरखडा बहुतेक वेगळ्या जागी असेल. एकीतले चांगले सेक्टर दुसरीत बसवता येतात.

त्या सीडीवर माझ्या हातानं हिरव्या मार्करनं 'यात्रा ३' लिहिलेलं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माहेरी, आजोळी, गोव्याच्या खोलीवर ती असेल, तर ती पुसू नका, धुऊ नका, प्लेअरमध्ये घालून बघूही नका. आहे तशी डबीत घालून माझ्याकडं आणून द्या.